वाचायची मुभा

वेर्ण्याहून निघताना फोनवर एवढंच कळलं:
केप्याच्या काजू फॅक्टरीत सर्व्हर लागत नाही.
एप्रिल, भर दुपार. टरफलांचा धूर
शर्टाला चिकटला, घशात करकरला.

जुन्या पत्त्यावर हाक मारली. ओ नाही.
मग केबल चाचपत गेलो, भिंतीभिंतीने,
आणि कोठारात पोत्यांमागे तो सापडला,
पंखा घरघरत, धडधाकट.
रात्री वीज गेली, पहाटे आली,
राउटरने त्याला नवा आकडा दिला
आणि सगळे संगणक रिकाम्या घराची कडी वाजवत बसले.
एवढंच. पाच मिनिटांचं काम. चहा आला.

एफिजीनबाय पडद्याजवळ वाकली, चष्मा कपाळावर:
"म्हाका सगळें दिसता. पूण आंकडे वाडनात."

डेटाबेसला विचारलं. म्हणाला,
ओळखतो हिला. वाचू दे. लिहायचं नाही.
शिगम्याच्या सुटीत कुणीतरी नवी आवृत्ती चढवली होती,
तेव्हापासून तिचं खातं मुंडकार:
राहा म्हणे खुशाल, झाड लावू नकोस.
अठरा दिवस ती किलो भरत होती,
अठरा दिवस आतून नकार,
आणि पडद्यावर दर वेळी हिरवी खूण.

सोलणाऱ्या बायका दारात जमल्या.
कुणी काही बोललं नाही.
शेवंती वेळीप पुढे आली, बोटं चिकाने काळी,
बोर्नव्हिटाचा डबा टेबलावर पालथा केला.
चिंचोके.
एका किलोला एक.
"मोजा," म्हणाली.

मोजले. एकशे एकेचाळीस.
बॅकअप कुठे आहे, हे मी
सकाळपासून भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

कुंकळ्येकर साहेब फोनवर:
"सगळ्यांना सगळं देऊन टाक आणि नीघ."
तसं दिलंय मी, खोटं कशाला बोलू,
मडगावात दिलंय, वास्कोत दिलंय,
शुक्रवारी संध्याकाळी तर डोळे मिटून.

आज एकेक ओळ टाइप केली.
एफिजीनबायला लिहायची.
मुकादमाला बघायची.
सोलणीच्या खोलीत एक जुना पडदा लावला,
शेवंतीला, सगळ्यांनाच, आपापले किलो वाचायची.
मग खोडायची.
कर्सर लुकलुकत राहिला.
तिथे कुणाचंच नाव घातलं नाही,
माझंही नाही.
चुकलं तर खाली नवी ओळ लिहा,
वरची असू दे.

साडेपाचला आकडे वाढू लागले.
बायका पडद्यापाशी, बोटाने स्वतःचं नाव शोधत.
शेवंतीने पाहिलं, मान हलवली,
मग टेबलावरचे चिंचोके ओंजळीने डब्यात भरले.
एक खाली घरंगळला होता,
तोही वाकून उचलला.

मी म्हटलं, आता कशाला?
तिने झाकण घट्ट लावलं.
"वीज परत गेल्यार?"