फलकासाठी मजकूर

साठ शब्द, साहेब म्हणाले. त्याहून जास्त
निळ्या पत्र्यावर मावत नाहीत.
म्हणून शुक्रवारी तलावाच्या अलीकडे,
राजवाड्याच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या
पवनचक्कीपाशी वही घेऊन गेलो. मे महिना. पान हलत नव्हतं.

चार पाती होती म्हणतात. उरलंय दीड,
त्यावर एक घार, आणि केबलची वायर.

पानठेल्यावरचे बकारामजी निमजे म्हणाले,
एका फिरंगी तोफवाल्यानं बांधली.
तो पगार मागायचा,
राजा म्हणायचा, आधी ती फिरू दे.
वाऱ्याची वाट बघत मेला बिचारा.
हबीब टेलर सुई तोंडातून न काढता:
मेला कशाला? कामठीला गेला, पाव विकायला लागला.
आणखी कुणी: अमावास्येला उलटी फिरते,
दळलेलं पुन्हा दाणे होतं.
हे लिहून घेतलं. शब्द मोजले. सात.

मग फुटाणे विकणारी पैकाबाई हेडाऊ:
"वारा? नागपुरात वारा राह्यते काय, भाऊ?
नवतपात धूळ उडते थोडी, बस.
आत बाया होत्या. आठ.
खांबाले दांडे लावून गोल गोल चालत,
तवा वरची पाती फिरे.
राजा खिडकीतून म्हणे, वाहवा, काय वारा सुटला!
माही पणजी थ्या आठजणीतली. गरोदर होती.
गाणं मना. खोकलाबी मना.
वारा खोकलते काय?"

दाराला कुलूप नव्हतं, तरी ते खांद्यानंच उघडलं.
वटवाघळांचा वास. मोबाइलच्या उजेडात
जात्याचं वरचं पेड दिसलं नाही; तळी होती,
आणि तिच्याभोवती फरशीत एक गोल पन्हळ,
घोट्याएवढी खोल,
वापरातल्या पाट्यासारखी गुळगुळीत.
बैलांचीही असेल, मी मोठ्यानं म्हणालो.
पाऊल टाकून पाहिलं.
बूट अडकला. नऊ नंबरचा.

ऑफिसात बसून लिहिलं:
काळ अनिश्चित. येथे वाऱ्यावर धान्य दळले जाई.
'वाऱ्यावर' खोडलं.
त्या जागी काय, साहेबांनी विचारलं,
आणि मी बराच वेळ पेनाचं टोपण
लावत, काढत बसलो.

फलक नवतपात लागला. त्यावर 'वाऱ्यावर' आहे;
साहेबांनी स्वतःच्या अक्षरात परत घातलं.
चार स्क्रूंपैकी एक ढिला, पत्रा थडथडत होता.
पैकाबाईनं फुटाण्यांचा पुडा पुढे केला,
पैसे घेतले नाहीत.
"काय लिवलं गा?"
धूळ उडाली होती.
मला आधी खोकला आला.