बी विंग, लिफ्ट क्रमांक दोन

रात्री पावणेबारापर्यंत भांडलो आम्ही.
विषय पार्किंगचा. आमच्याकडे तो पार्किंगचाच असतो,
टँकरचा असला तरी.

मी लिहिलं : काही लोकांना पांढरी रेघ दिसत नाही.
७०४ नं लिहिलं : काही लोकांना दुसरा उद्योग नाही.
मी निवृत्त झाले हे त्याला कोणी सांगितलं?
मग बराच वेळ कोणीतरी टाइप करत होतं
आणि कोणीच काही पाठवत नव्हतं.
बाराच्या ठोक्याला सी विंगमधून एक गुलाब आला :
शुभ सकाळ.

सकाळी धायरी फाट्यावरून मटार घेऊन आले
तर लिफ्टमध्ये तोच.
हातात दुधाची पिशवी,
पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला.
फोटोत तोरण्यावर उभा होता, ढगांत डोकं,
मी त्याला उंच धरून चालले होते.
माझ्या खांद्याला लागत होता.

चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये वीज गेली.
गुरुवार.
पुण्यात गुरुवारी काय काय जातं ते सांगायला नको.
जनरेटरचा ठराव दोनदा आला होता,
दोन्ही वेळा मी विरोधात होते,
मुद्देसूद, सहा परिच्छेद.

रेंज नाही.
त्यानं दारावर थापा मारल्या, मग थांबला.
"तुम्ही ५०२ ना?"
"हो."
"मी…"
"माहीत आहे."

दूध ठिबकत होतं. टप्. बऱ्याच वेळानं, टप्.
"मला बंद जागेत जरा…" म्हणाला,
आणि पुढचं वाक्य आलंच नाही.
ग्रुपवर मी सगळ्यांची वाक्यं पूर्ण करते.
इथं सुचेना.
म्हटलं, "मटार सोला."

फोनचा उजेड जमिनीवर ठेवून
आम्ही दोघं खाली बसलो, पाठी आरशाला.
त्यानं रुमाल पसरला.
सोलता सोलता श्वास जागेवर आला त्याचा.
"एका शेंगेत नऊ," म्हणाला,
शाळेतल्या मुलानं दाखवावं तसं.
आणि मग, शेंगेकडेच बघत,
"ती गाडी मला चालवता येत नाही.
तिनं जशी लावली, तशीच आहे."

ती कोण, हे मी विचारलं नाही.
किती महिने, हेही नाही.
रोज एक फोटो काढत होते मी त्या गाडीचा,
तारखेसकट.
काचेवरची धूळ पुरावा म्हणून.

लिंबाजीनं तिकोनी किल्लीनं दार उघडलं.
आधी पिशवी घेतली, मग माझा हात, मग त्याचा.
लिंबाजीच्या फोनला बटणं आहेत.
तो ग्रुपवर नाही,
त्यानं थापा ऐकल्या होत्या.

बाहेर येताच फोन थरथरला. एकसष्ट मेसेज.
लिफ्टमध्ये कोणी आहे का, कृपया कन्फर्म करावे.
लिफ्टची कंपनी बदलावी का : हो, नाही, सांगता येत नाही.
तेवीस मतं पडली होती.
चौथ्या मजल्यावरून जोडलेले हात आले होते,
सात जोड्या,
आणि चौथ्या मजल्याचं दार तर
आमच्या डोक्याच्या जरा खाली होतं.

संध्याकाळी लिंबाजी वर आला,
धुतलेल्या डब्यात मटार घेऊन.
"शिराळकर साहेबांनी दिलेत.
म्हणाले, मोजून घ्या."
शिराळकर.
नऊ वर्षं मला आकडाच पाठ होता.
मग लिंबाजीला त्याचं आडनाव विचारावं म्हटलं,
तर तो जिन्यानं निघून गेला होता.
लिफ्ट चालू होती तरी.

सेक्रेटरींनी विचारलंय :
५०२, आपला पार्किंगचा विषय मीटिंगला घ्यायचा ना?
मी टाइप केलं. खोडलं. टाइप केलं.
सातव्या मजल्यावर कोणी बघत असेल
तर त्याला दिसत असेल,
५०२ काहीतरी लिहितेय.

रेघ पुसट झालीय,
एवढंच लिहावं म्हणते.