एकास ऐंशी

अंधारखोलीची खिडकी मीच बुजवली,
एक्स-रेच्या पाकिटांतल्या काळ्या कागदाने.
बाहेर कुरखेड्याचा मे महिना,
तेंदूच्या फळीवर पुडे मोजणाऱ्यांचा गलका.
आत निळा दिवा, काचेची पट्टी,
पट्टीवर मेलेल्या परक्या पेशी
आणि त्यांच्यावर एका बाईचं रक्त.
रक्त म्हणजे, लाल खाली बसल्यावर वर उरतं ते;
पेजेवरच्या निवळीसारखं, पिवळट.

डोळा लावला की आधी काहीच नसतं.
मग केंद्रकं उजळू लागतात,
हिरवी, ठिपक्याठिपक्यांची,
ओल्या लाखोरीच्या सोललेल्या दाण्यांसारखी.
सुंदर दिसतात.
हे मी कोणाला सांगत नाही.

रमशीला कुमरे, वय सव्वीस.
सांधे, ताप, लघवीला फेस.
गालांवर, नाकावरून आरपार, लाली.
पुस्तक तिला फुलपाखरू म्हणतं.
ती म्हणते, "चुलीतला जाळ तोंडावर आला
न् तिथंच बसला जी."
तीन वर्षं मलेरिया समजून गोळ्या दिल्या.
आताही देतात ती मलेरियाच्याच घराण्यातली,
रोज, बहुधा जन्मभर,
फक्त आता कारण माहीत आहे.

डॉक्टर समजावतात: शरीराचं सैन्य शरीरावरच उलटलं.
सैन्य म्हटलं की तिच्या गावात कवाडं लागतात.
म्हणून मी एवढंच म्हणालो, ओळख चुकते.
ती बराच वेळ गप्प.
"म्हंजे माह्याच रक्ताले
मी वळखू नाही येत."

फ्रीजरमध्ये, उणे ऐंशीला, एक जुना डबा आहे.
आश्रमशाळेत सिकलसेलची तपासणी झाली होती,
तेव्हाच्या उरलेल्या कुप्या.
दिवे गेले की रात्री सायकलवर डिझेलचा डबा बांधून
जनरेटरकडे यायचा तो देवाजी;
तेरा वर्षं त्याने काय राखलं
हे त्याला कोणी सांगितलं नाही.
यंदा संशोधनाची परवानगी आली.
रमशीलाने सही केली, पूर्ण नावाची, सावकाश.
मी तिची कुपी शोधली:
आठवी अ, हजेरी क्रमांक एकोणीस.
तेव्हा ती कबड्डीत चढाईला जायची.
कुपी वितळली. पट्टी लावली. दिवा.

दाणे उजळले.
फिके, पण तेच.

तेव्हा आम्ही लाल तेवढं पाहिलं होतं
आणि पिवळं बाजूला ठेवलं होतं.
सिकल नाही म्हणून तिला पांढरं कार्ड दिलं,
ते अजून आहे तिच्याकडे, प्लास्टिकच्या पिशवीत.

आज तिने धाकट्या बहिणीला आणलंय.
ममिता, अठरा पूर्ण.
पोलीस भरतीसाठी पहाटे धावते,
मोहफुलं वेचायला रमशीला निघते त्याच वेळी,
उन्हाच्या आधी, चाचपडत्या अंधारात.
ममिताचं सीरम पातळ केलं.
एकास चाळीस: उजेड.
एकास ऐंशी: अजून आहे.
एकास एकशेसाठ: काळोख.

म्हणजे काय?
कदाचित काहीच नाही.
एका निवांत दुपारी मी माझंही लावून पाहिलं होतं,
तेही ऐंशीपर्यंत उजळलं,
आणि मला चोपन्न वर्षांत
दाढदुखीपलीकडे काही झालेलं नाही.
पण हे वाक्य छापायला
रिपोर्टवर रकाना नाही.

रमशीला आत आली, पदर तोंडावरून काढला.
ही एकच खोली, जिथे तिला पदर लागत नाही.
मी तिला डोळा लावू दिला.
"हे तिचं?"
"तुझं. आठवीतलं."
ती हलली नाही.
"तईं मले कोनी सांगतलं असतं,
त मी धावली असती का नसती?"
मला उत्तर आलं नाही.
"तिले दहा तारखेनंतर सांगजा जी.
सोळाशेची धाव हाये तिची."

पण कागदावर नाव ममिताचं आहे,
आणि ती अठरा वर्षांची आहे.
मी दार उघडून हाक मारली.
ती उन्हातून आली, बूट बाहेर काढून,
आणि उंबऱ्यावरच थांबली,
डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत.