झाकण

इझिदोर्सनं कोक्ले आणलं ते बटाट्याच्या पोत्यात.
अकरा तारांपैकी सात शिल्लक,
त्यातली एक टेलिफोनची,
युद्धानंतर कुठल्याशा खांबावरून उतरवलेली.
"बापानं केलं," म्हणाला,
आणि पाठीवर कोरलेली अक्षरं दाखवली, डी. व्ही.
"वाजतं, पण मध्येच कुरकुरतं. बघ."

लाटगालेत सगळे सांगतात :
घरात कुणी गेलं, की मूठमाती द्यायच्या आत
लिंडनचं झाड तोडायचं,
म्हणजे लाकूड गातं.
असेल.
माझा विश्वास सरसावर,
ओल मोजायच्या काट्यावर,
फार तर सुरीच्या खुणांवर.

एकसंध ओंडका, होडीसारखा पोखरलेला.
वर स्प्रूसचं झाकण, तीन मिलिमीटर.
कोमट पातं फिरवत ते सोडवण्यात दुपार गेली.
आत चहाच्या रंगाची धूळ,
एक वाळलेली माशी,
आणि घाव.

निमुळत्या टोकाकडून निम्म्यापर्यंत
सगळे एका बाजूला झुकलेले,
लांब, बेफिकीर, सवयीच्या माणसाचे.
मग बोटभर जागा तशीच.
आणि तिथून पुढे सगळं उलटं :
घाव दुसरीकडे झुकलेले, आखूड,
बटाट्याचे डोळे काढावेत तसे टोकरलेले.
हा हात लाकडाला नवखा होता.
आणि डावा.

मी फोनवर सांगितलं.
तो बराच वेळ गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं.
"आई पाव डाव्या हातानं कापायची," म्हणाला,
"छातीशी धरून."
आणि मग, जरा थांबून,
"बाप मार्चमध्ये गेला.
कोक्ले मला मिळालं नाताळात."

झाड कुणाच्या वेळी तोडलं होतं, त्याला ठाऊक नाही.
पाठीवरची अक्षरंसुद्धा तिनंच कोरली असणार,
व्हीचा एक पाय घसरलाय.
तेक्ला हे नाव कुठेच नाही, मी भिंगातून पाहिलं.

सरस तीनदा तापवून झाला.
तो म्हणतो, आज नको, उद्या लाव.
रोज दुपारच्या बसनं येतो,
टोपी माझ्या रंध्यावर ठेवतो (नको म्हटलं तरी),
आणि त्या पोकळीत हात घालतो,
उजवा.
बोटं खुणांत बसत नाहीत.
तो तक्रार करत नाही, सहाच्या बसनं परत जातो.

आज त्यानं
हात बदलला.