सात, बारा, एकोणीस

दाभोळच्या धक्क्यावर माझं दुकान.
रिचार्ज, कव्हर, काच बसवून मिळेल,
आणि कुणी हळूच सांगितलं तर कार्डात ड्रामा भरून मिळेल,
पलीकडचा, कराचीचा.
बायका फेरीबोटीची वाट बघत माझ्या बाकड्यावर बसतात
आणि भांडतात:
त्यानं निकाह केला तो सूड म्हणून,
की सूड घेता घेता जीव जडला?
बापाच्या खुनाचा कागद चांदीच्या पेटीत आहे
हे सुनेला कळलं कधी?
मेहरून सोलकर म्हणते, पंधराव्या भागात.
शेवंता पावसकर म्हणते, तिला पहिल्यापासून ठाऊक होतं,
बायकांना पहिल्यापासूनच ठाऊक असतं.

हाजराबी मुकादम भांडत नाही.
"बाबल्या, मना सात, बारा न् एकोणीस, तवढेच होवे."
मी म्हटलं, आणि मधले?
"मधल्यात काय हाय."

अशी सिरियल कुणी बघत नाही.
तीन भाग, पुन्हा तेच तीन,
दर महिन्याला फोन अडकून माझ्याकडे,
काचेवर एकाच जागी अंगठ्याचा तेलकट ठसा,
डाव्या कोपऱ्यात, खाली.
एकदा दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
मी ते तीन भाग लावले आणि त्या कोपऱ्यावर डोळा ठेवला.
हिरोची काळी गाडी येते.
फाटक उघडतं.
उघडणारा म्हातारा चौकीदार, आठ सेकंद,
नाव नाही, संवाद नाही,
साखळी ओढतो ती नांगराचा दोर ओढावा तशी,
हातापुढे हात टाकत,
आणि चालतो पाय फाकवून,
खालची जमीन हलत असल्यासारखा.

मोठं करून बघितलं.
नुसते चौकोन झाले.

मुकादमांचा हसनमिया वादळात गेला,
हे गावाला पाठ आहे.
मयत मिळाली नाही, गायबाना नमाज झाली,
चार महिने दहा दिवस ही खिडकीशीसुद्धा आली नाही.
कुवेतचा मुलगा दरवर्षी फातिहाचे पैसे पाठवतो.
त्याच तारवावरचे बाकीचे सहा खलाशी परत आले होते,
हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही.

मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं,
सोड्यांची पुडी काउंटरवर ठेवताना,
सिमकार्डासाठी पत्ता सांगावा तसं:
"चिट्ठी आली होती. हितंच ऱ्हायलो म्हणून. दुसरं घर केलंय म्हणून.
मी ती चुलीत घातली न् बाहेर येऊन रडली.
त्यांच्या ड्रामात पिस्तूल लागतं, वकील लागतो.
मी त्याला मेलेला ठेवलाय. छत्तीस वर्सां."

मग चष्मा पदराला पुसत:
"खांदा उतरलाय त्याचा. कुणी बघत नसेल तिथं."

परवा शेवटचा भाग आला.
बंगला जळतो, हिरो सगळ्यांना माफ करतो, फार लांबवलंय.
अगदी शेवटी फाटकाशी पोलीस येतात
आणि चौकीदाराला एक वाक्य आहे:
"घर में कोई नहीं, साहब."
मी तिला इयरफोन दिला. एकच कान चालतो त्याचा, उजवा.
तिनं ऐकलं. मागे घेतलं. पुन्हा ऐकलं.
तोवर बोट लागली, धोपाव्याची माणसं उतरली,
मोटारसायकली, कोंबड्यांचं खुराडं, नवरीकडचं एक कपाट.
तिनं वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.
त्याचा आवाज होता की नव्हता, बोलली नाही.
"पूस सगळं."

फोननं विचारलं, नक्की पुसायचं?
माझा अंगठा तसाच वर.

"थांब," हाजराबी म्हणाली.
"चार महिने दहा दिवस ऱ्हांव दे. मग पूस."

मी बिलबुकाच्या पाठीवर तारीख काढली.
तिनं पेन घेऊन ती खोडली.
कॅलेंडरवर नको, चंद्रावर मोज.
आम्हा खारव्यांना ते शिकवावं लागत नाही.