निरीक्षण विहीर क्रमांक सतरा

यावलच्या पुढं, सातपुडा जिथं आपले दगडगोटे मातीत सोडून देतो,
त्या पट्ट्यात वर्षातून चारदा येते मी.
जीप, टेप, वही, नमुन्यांच्या सहा बाटल्या.

पहिल्या वर्षी खुर्ची सुखदेवला मिळायची.
चहाही आधी त्यालाच,
आणि "साहेब, पाणी कुठवर पुरंल?" हा प्रश्नसुद्धा.
तो बिडी विझवून म्हणायचा,
मी फक्त चाक फिरवतो, पाण्याचं बाईंना विचारा.
मग लोक मला विचारत,
त्याच्याकडं बघत.

पुढं कुणीतरी आईकडून काढून घेतलं
की मी पायाळू.
झालं, मिटला प्रश्न.
सात वर्षांचं भूशास्त्र,
धुळ्याकडच्या काळ्या भिंतीसारख्या खडकांवर
उन्हात काढलेले दोन मे महिने,
सूक्ष्मदर्शकाखालचे दगडाचे चारशे काप
एकीकडं,
आणि माझे पाय आधी बाहेर आले, हे एकीकडं.
"म्हणून दिसतं हिला जमिनीतलं."
मी हसते. आई चिडते:
"कळा मी सोसल्या, परीक्षा हिनं दिल्या,
आन् नाव पायाचं?"

यंदा मेमध्ये सतरा नंबरवर टेप सोडत होते.
मोटर रात्रीपासून बंद ठेवायला सांगितलेली.
केळीची वाळकी पानं उन्हानं चरचरत होती.
टेपचं टोक पाण्याला टेकलं
की हातातली चकरी बारीक शिट्टी घालते.
घातली. चाळीस मीटर पासष्ट.

"चव्वेचाळीस पायजे," मागून कुणीतरी.

रुबीना तडवी. नववी.
हातात भावाचा तडकलेला मोबाईल, ओढणीत गोटे.
तीनदा टाकला, म्हणाली, तीनदा मोजलं,
तीनदा तीनच सेकंद.
मग तिनं हवेत बोटानं लिहून दाखवलं:
नऊ पूर्णांक आठ, तीनाचा वर्ग, त्याचं निम्मं.

बांधावरून महाजन ओरडले,
"काबर गोटे टाकतीस वं विहिरीत?"
ती हलली नाही.
"तुमचा टेप ताणला असंल," मला म्हणाली.

इतक्या वर्षांत माझ्या टेपवर
माझ्या पायांखेरीज दुसऱ्या कारणानं
कुणी शंका घेतली नव्हती.
मी तो पुन्हा सोडला.
चाळीस पासष्ट.
मग आम्ही दोघी काठावर वाकलो
ते साडेतीन मीटर शोधत.

सांगून टाकणं सोपं होतं.
मला सगळं सांगूनच टाकलं होतं,
फळ्यावर, घंटा व्हायच्या आत.
मी एवढंच विचारलं:
गोटा पडला, हे कळलं कशावरनं?

"आवाजावरनं."

मग ती गप्प.
आत पारवे घुमत होते.
एक उडून वर आला, दोघींच्या मधून गेला,
तरी तिची मान वर झाली नाही.

"आवाजालाबी," ती हळूच म्हणाली,
"वर यायला वेळ लागतो."

आणि चपला तिथंच टाकून पळाली वही आणायला.
केळीच्या आतूनच विचारलं, केवढा वेग असतो त्याचा?
मी ओरडून सांगितलं. एवढ्या मोठ्यानं
मी नोकरीला लागल्यापासून बोलले नव्हते.

तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
त्यात मी "निरंक" लिहीत आलेय.
त्या दिवशी लिहिलं:
पातळी दोन पद्धतींनी तपासली.

जुलैत कार्यालयाचं पत्र आलं,
दुसरी पद्धत कोणती, निरीक्षक कोण, खुलासा करावा.
खुलाशात तिचं पूर्ण नाव लिहिलं, इयत्तेसह,
आणि खाली तिचं गणित, तिच्याच अक्षरातलं,
एके ठिकाणी खोडलेलं.

ती कशी जन्मली,
ते मी विचारलेलं नाही.