नऊपैकी सात

तहसीलदार आले तेव्हा भरती लागत होती.
कचेरीच्या खिडकीतून जेटी दिसत होती,
म्हणजे उरली आहे तेवढी:
अर्धी पाण्यावर, अर्धी बिलात.

विषय एकच. अविश्वास.
ग्रामसेवकाने तो वाचला
मयताचा निरोप सांगतात तसा,
दारातूनच, चप्पल न काढता.

नऊपैकी सात हात लागतात.
सहा ठरलेले. काल रात्री दापोलीला
कंत्राटदाराच्या खर्चाने जेवून आलेले.
त्याचं शेवटचं बिल रत्नप्रभाने अडवलंय,
हे ठरावात कुठे नाही.
ठरावात आहे ते खोटंही नाही:
पहिल्या तीन बिलांवर सही तिचीच,
आणि स्लॅब खचला तेव्हा
नझीरचा पाय गेला, गुडघ्याखालून.

सातवा हात माझा.
सकाळी मांदेली सुकत घातलेला,
साबण लावूनही वास न गेलेला.

मोजमाप-वहीत आणखी एक सही आहे.
उपअभियंता, बंदर खातं.
जेटीवर आला दोनदा, बूट न भिजवता.
बदली झाली त्याची, बढतीवर.
मी विचारलं, साहेब, त्याच्यावर अविश्वास कुणी आणायचा?
तहसीलदार हसले. वाईट नाही, थकलेलं हसू.
बाई, तो या सभेच्या अधिकारात येत नाही.
मग विधानसभेच्या?
तिथे मंत्र्यांना प्रश्न विचारतात. मंत्री चौकशी लावतात.
आणि चौकशी?
चौकशी चालू असते.

समुद्रात बारीक मासा आसातून निसटतो.
इथे उलट.

असा हक्क असावाच का, हे बाबांना विचारलं असतं.
ते म्हणायचे, तांडेल पिऊन आला
तर सुकाणू काढून घ्यावं खलाशांनी, तिथल्या तिथे.
आणि तेच सांगायचे, एका वर्षी होळीनंतर
तिघांनी मिळून तांडेल बांधून घातला.
म्हणाले, प्यायला होता.
प्यायला नव्हता. वाटा जास्त हवा होता.
पुढच्या साली त्याच होडीवर
नवा तांडेल खरंच झिंगलेला,
आणि मागचं आठवून कुणी हात लावला नाही.
होडी आंजर्ल्याच्या खडकावर गेली.

रत्नप्रभा समोर, हात पदराखाली.
माझा थोरला परतला नाही त्या रात्री
हीच उभी होती बॅटरी घेऊन पहाटेपर्यंत,
जुन्या जेटीवर, दगडाच्या.

ठरावाच्या बाजूने हात वर करा.
सहा गेले, एकदम, वल्ह्यांसारखे.
मी म्हणाले, आधी इतिवृत्तात लिहा
त्या अभियंत्याचं नाव, दापोलीचं जेवण,
नझीरचा पाय, कुठला, किती.
ग्रामसेवक म्हणाला, विषयपत्रिकेत नाही.
मी म्हणाले, मग हात थांबेल.

पाणी पायऱ्यांना लागलं होतं.
त्याने तहसीलदारांकडे पाहिलं,
पेनाचं टोपण काढलं,
आणि विचारलं,
नझीरचं आडनाव काय?